काकांची फर्नेस

पार्सिपनीतलं आमचं घर आम्ही ज्यांच्याकडून घेतलं, ते काका-काकू घर विकून जवळच्याच एका काँडोमध्ये, एका मजल्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये, राहायला गेले. काकांच्या गुडघ्यांना जिने झेपेनासे झाले होते. काका निवृत्त डॉक्टर. मिरजेला मेडिकल करून ऐन तरुणपणी इकडे अमेरिकेत आलेले, याच घरात त्यांची दोन्ही मुलं वाढली. घर घेताना आम्हाला वाटलं, बरं झालं, आपल्याच मराठी माणसांचं घर आहे, काही लपवाछपवी नसणार. तशी ती नव्हतीच. पण घराबरोबर काकाही येणार आहेत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुरुवातीला ते त्यांचं चुकून इथे आलेलं टपाल न्यायला यायचे. मग मॅपलची फांदी छपरावर टेकतेय का बघायला, मग पन्हळीत पानं साचलीत का बघायला. आणि थंडीची चाहूल लागली की फर्नेस बघायला. "तुम्ही चहा टाका, मी जरा खाली जाऊन येतो," असं म्हणत ते कठड्याला धरून सावकाश खाली उतरायचे. ज्या गुडघ्यांनी घर सोडायला लावलं, ते गुडघे फर्नेसपर्यंत बरोबर जायचे.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर पाहुण्यांची खोली आहे आणि तिला लागून एक छोटी खोली. तिथे ही फर्नेस. गॅसवर चालणारी, कपाटाएवढी, कधीकाळी बदामी रंगाची असावी अशी. आतल्या ज्वाळेवर हवा तापवायची आणि ती घरभरच्या जाळ्यांमधून वर सोडायची, एवढंच तिचं काम. काकांनी ती बसवून घेतली तेव्हा त्यांचा धाकटा मुलगा शाळेत जात होता. आता त्या मुलाचे केस पांढरे व्हायला लागलेत.

पहिल्याच हिवाळ्यात ती पेटताना पत्र्यावर कुणीतरी लाथ मारावी तसा आवाज यायला लागला. एखाद्या दिवशी मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले की पलीकडचे लोक विचारायचे, सगळं ठीक आहे ना. लेकीची वरची खोली भट्टीसारखी तापायची आणि स्वयंपाकघरात कणीक दगडासारखी व्हायची. फर्नेस थोडा वेळ चालायची, बंद पडायची, पुन्हा चालू व्हायची. मी थर्मोस्टॅट वाढवायचा, नवऱ्याने कमी करायचा, असा आमचा दिवस जायचा. खिडक्यांच्या कडांवर आणि पांढऱ्या पडद्यांवर काळी, तेलकट धूळ बसायची. ती पुसून पुसून मी कंटाळले.

"ही बदलू या," मी म्हणायचे.

"चालतेय ना अजून," नवरा म्हणायचा.

नवरा सॉफ्टवेअरमधला, नागपूरचा. घरातली कुठलीही वस्तू पूर्ण मरेपर्यंत तिला सोडायचं नाही, हा त्याचा स्वभाव. तो व्हिडिओ बघायचा, खाली जाऊन कुठलातरी सेन्सर सँडपेपरने घासायचा आणि वर येऊन विजयी चेहऱ्याने सांगायचा, "झालं. आता बघ." मी बघायचे. आठवडाभर बरं चालायचं, मग पुन्हा लाथ.

दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एकदा ती पूर्ण बंदच पडली, तेव्हा सर्व्हिसवाल्याला बोलवावं लागलं. त्याने एक भाग बदलून ती चालू केली आणि निघताना इंग्रजीत सांगितलं की हिचं वय झालंय, ज्वाळा पिवळी दिसतेय, ती निळी असायला हवी, नवीन घ्यायचा विचार करा. मी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान डोलावली, त्या माणसाला दारापर्यंत सोडलं आणि आत येऊन काकांना फोन लावला.

फोन स्पीकरवर होता. काका म्हणाले, "हे सगळे तेच सांगतात. त्यांना विकायचंय. अरे, ती फर्नेस दणकट आहे. हल्लीची यंत्रं दहा वर्षं टिकत नाहीत."

"मला पण तेच वाटलं, काका," नवरा म्हणाला.

"पिवळ्या ज्वाळेचं काय?" मी लांबूनच विचारलं.

"बर्नरवर धूळ असेल. मी येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी ते आले, खाली गेले, नवऱ्याच्या हातात टॉर्च दिला. दोघं तास-दीड तास खाली होते. मग चहा, चकली, आणि 'पूर्वीच्या काळी कसं लोखंड असायचं' यावर चर्चा. मी चहाचे कप उचलताना ठरवलं की आता या विषयावर बोलायचं नाही. ते काही जमलं नाही, पण ठरवलं होतं.

त्याच सुमारास माझी आई सांगलीहून आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच एकटी आली होती, चांगली सहा महिने राहणार होती. तिलाही जिने नकोत म्हणून आम्ही तिची सोय खालच्या पाहुण्यांच्या खोलीत केली. बाथरूम शेजारी, खोली उबदार. नवरा कौतुकाने म्हणाला, "आई, घरातली सगळ्यात गरम खोली तुम्हाला दिलीय." ते खरंच होतं. भिंतीपलीकडे फर्नेस होती.

आठवड्या-दोन आठवड्यांत आईचं डोकं दुखायला लागलं. आधी जेट लॅग म्हटलं. मग बंद घराची सवय नाही म्हटलं. मग थंडी. आई तक्रार करणारी नाही. सकाळी उठून कपाळाला बाम चोळून गप्प बसायची आणि विचारलं की म्हणायची, "काही नाही गं, जरा जडजड वाटतंय." दुपारी मी ऑफिसला, नवरा ऑफिसला, लेक शाळेत. आई दिवसभर घरात एकटी. बाहेर बर्फ, जाणार कुठे. संध्याकाळी यावं तर ती सोफ्यावर डोळे मिटून पडलेली. जेवणावर वासना नाही, मळमळतंय म्हणायची. मला वाटलं बाबांची आठवण येत असेल, एकटेपणा असेल. नवरा म्हणाला, "आई, तुम्ही पाणी कमी पिता. इथली हवा कोरडी असते." त्याने तिला एक मोठी बाटली आणून दिली. ती बिचारी दिवसभर पाणी पीत बसली.

शेवटी मी काकांना म्हटलं, तुम्ही डॉक्टर आहात, एकदा बघा ना. ते बीपीचं मशीन घेऊन आले. डायनिंग टेबलाशी बसून त्यांनी आईच्या दंडाला पट्टा बांधला. बीपी थोडं वाढलेलं होतं.

"ताई, मीठ कमी करा," काका म्हणाले. "लोणचं, पापड पूर्ण बंद."

 आई तीन प्रकारची लोणची सांगलीहून स्वतः बांधून घेऊन आली होती. त्या दिवसापासून मी दोन वेगळ्या भाज्या करायला लागले, एक आमची आणि एक आईची, अळणी. आई ती खाली मान घालून खायची. डोकं दुखायचं ते दुखायचंच. आणि काका दर दोन-चार दिवसांनी येऊन बीपी बघायचे, मग आलोच आहे तर म्हणून शेजारच्या खोलीत जाऊन फर्नेसही बघायचे. आईच्या उशापासून ती खोली चार पावलांवर होती.

संक्रांतीच्या नंतरच्या रविवारी काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. गुळपोळ्या, मुगाची खिचडी, कढी, लिंबाचं लोणचं, पोह्याचे पापड. मिठाच्या बंदीबद्दल काका काकूंना काही बोलले नव्हते. काकूंनी आईच्या ताटात लोणचं वाढलं, पापड ठेवला, आणि आईने माझ्याकडे बघायचं टाळून दोन्ही खाल्लं. पुन्हा मागून घेतलं. मीही तिला खाऊ दिलं. किती दिवसांनी ती नीट जेवत होती.

जेवणानंतर काका हात पुसत बाहेर आले, तेव्हा त्यांना आईच्या ताटातली लोणच्याची फोड दिसली.

"ताई, लोणचं खाल्लंत?"

"खाल्लं," आई म्हणाली. "आणि खरं सांगू का डॉक्टर, तरी डोकं दुखत नाहीये. तुमच्या घरी आलं की मला अगदी हलकं वाटतं. मागच्या खेपेला आले होते तेव्हाही असंच झालं."

काका हसायला गेले आणि मध्येच थांबले. टॉवेल तसाच हातात धरून ते आईसमोरच्या खुर्चीवर बसले.

"देवळात गेलात की दुखतं?"

"नाही."

"सकाळी उठल्यावर जास्त असतं का?"

"हो. रात्रभर झोपून उठलं की जास्त. बाहेर चक्कर मारली की उतरतं. पण या बर्फात रोज कोण चक्कर मारणार?"

आमची लेक सोफ्यावर फोन घेऊन बसली होती. तिने मान वर केली. "आजी, मी टू. स्कूलमध्ये माझं डोकं दुखत नाही. ओन्ली अॅट होम."

"तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"आय डिड. यू सेड कमी स्क्रीन बघ."

काका उठले. त्यांचा चेहरा एकदम उतरला होता. ते नवऱ्याला म्हणाले, "आत्ता घरी कुणी आहे?"

"नाही, काका."

"मग कुणी आत जाऊ नका. हा गॅसचा प्रकार आहे. कार्बन मोनॉक्साइड. विषारी असतो आणि त्याला वासही नसतो."

नवरा म्हणाला, "पण काका, जिन्यात त्या गॅसचा अलार्म आहे ना. वाजला असता. मी बॅटऱ्या पण बदलल्यात."

"तो अलार्म मीच लावलेला आहे," काका म्हणाले. "कधी लावला ते मला आठवत नाही."

त्यानंतर ते जे बोलले ते डॉक्टरच्या आवाजात. मी आईला आणि लेकीला घेऊन तडक हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, रक्ताची तपासणी करायला सांगायची, हे हे शब्द वापरायचे. गॅस कंपनीला त्यांनी स्वतः फोन केला. मग ते कोट घालून नवऱ्याबरोबर आमच्या घरी गेले, बाहेर गाडीत बसून राहायला. मी एवढ्या घाईत होते की आईच्या पायात काकूंच्या सपाता होत्या हे मला हॉस्पिटलच्या दारात कळलं.

आईच्या रक्तात तो वायू सापडला. फार नाही, पण असायला नको तेवढा. लेकीच्या रक्तात त्याहून कमी. आईला ऑक्सिजनचा मास्क लावून एका खाटेवर बसवलं. मास्कच्या आतून ती मला सारखी विचारत होती की तुझ्या सासरच्यांना कळवणार आहेस का, उगाच काळजी करतील. मी तिचा हात धरून बसले आणि मला रडू येण्याऐवजी नुसता संताप येत होता. कुणावर ते धड ठरत नव्हतं. मीठ, पाणी, स्क्रीन. महिनाभर आम्ही सगळे शहाणे तिला काहीबाही सांगत होतो आणि संध्याकाळ झाली की पुन्हा त्याच खोलीत झोपायला पाठवत होतो.

नवऱ्याचा फोन आला. गॅस कंपनीचा माणूस येऊन गेला होता. त्याच्या हातातल्या यंत्राचा आकडा आईच्या खोलीच्या दारातच वर गेला. फर्नेसच्या आत एक लोखंडी भाग असतो, ज्वाळेचा धूर एकीकडे आणि घराची हवा दुसरीकडे ठेवणारा. तो तडकला होता. धूर चिमणीतून जायचा तो थोडा थोडा घरात येत होता. त्या माणसाने गॅस बंद केला, फर्नेसला लाल चिठ्ठी लावली, आता ही पेटवायची नाही. जिन्यातला अलार्म काढून त्याने उलटा करून दाखवला. असा अलार्म काही वर्षांनी बाद होतो, बॅटरी कितीही नवी असली तरी. आमचा कधीच बाद झाला होता.

"काका कसे आहेत?" मी विचारलं.

"गाडीत बसलेत," नवरा म्हणाला. "उतरत नाहीयेत."

त्याच संध्याकाळी आईला सोडलं. नवीन फर्नेस येईपर्यंत आम्ही काका-काकूंकडेच राहिलो. काकूंनी आईला आपली खोली दिली. आम्ही तिघं हॉलमध्ये गाद्या टाकून झोपलो. नवरा रोज घरी जाऊन विजेचे हीटर लावून यायचा, नाहीतर नळाचे पाइप गोठून फुटले असते. बाकीचा वेळ तो फर्नेसचा अभ्यास करायचा. दोन वर्षं ज्याला नवी फर्नेस घेण्यात रस नव्हता, तो आता जेवताना मला कार्यक्षमतेचे टक्के सांगत होता. आणि एके दिवशी, गाडीत, फोनवर मित्राशी बोलताना मी त्याला म्हणताना ऐकलं, "हो यार, जुनीच झाली होती. मी म्हणतच होतो की बदलायला पाहिजे."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "कधी म्हणत होतास?"

"अगं, म्हणजे माझ्या डोक्यात होतंच."

"डोक्यात होतं तर तोंडातून काय येत होतं?"

 तो रस्त्याकडे बघतच म्हणाला, "मला काकांना दुखवायचं नव्हतं. ते किती आपुलकीने यायचे. त्यांना वाटलं असतं, घर घेतलं आणि त्यांचं सगळं मोडीत काढलं."

"आणि मला दुखवलेलं चाललं."

 मला त्याचं उत्तर नको होतं. मला फक्त हे हवं होतं की दोन हिवाळे मी जे सांगत होते ते कुणीतरी एकदा ऐकलं होतं असं वाटावं.

जुनी फर्नेस काढायच्या दिवशी आई माझ्याबरोबर घरी आली. तिला तिच्या खोलीतले कपडे घ्यायचे होते. खालचं दार उघडं ठेवलं होतं, घरभर गार वारा फिरत होता. दोन माणसं आली, त्यांनी भराभर पत्रे सुटे केले आणि तो तडकलेला भाग बाहेर ड्राइव्हवेवर आणून टाकला. गंजलेला, जड, काजळीने माखलेला. तेवढ्यात काकांची गाडी आली. येणार म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. ते उतरले, त्या लोखंडाजवळ आले आणि वाकायचा प्रयत्न केला. वाकता येईना, म्हणून नवऱ्याने तो भाग त्यांच्यासमोर उचलून धरला.

तडा केसाएवढा बारीक होता. जिथे वळण होतं तिथे, आतल्या बाजूला. काकांनी त्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"हे बाहेरून दिसत नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण ज्वाळा पिवळी होती. मी बघितली होती."

आई दारात उभी होती, अंगावर शाल, हातात कपड्यांची पिशवी. काका तिच्याकडे वळले.

"ताई, मी तुमचं बीपी बघत बसलो. डॉक्टर असून."

आईने जे केलं ते मला अजून पटलेलं नाही. ती म्हणाली, "असू दे हो. शेवटी तुम्हीच ओळखलंत ना. नाहीतर कुणाच्या लक्षात आलं असतं?" आणि त्यांना आत या, थंडीत उभे राहू नका म्हणाली. आत बाहेरच्याइतकीच थंडी होती. काका आत आले नाहीत. त्यांनी हातरुमालाने बोट पुसलं, पुसलं गेलं नाही, तसेच गाडीत बसून गेले.

मी आईला म्हटलं, "तू त्यांना काहीच बोलली नाहीस."

"काय बोलायचं? त्यांचं तोंड बघितलंस ना?"

"आणि मी दोन वर्षं ओरडत होते त्याचं काय?"

"तू ओरडत होतीस ते आवाजाबद्दल आणि पडद्यांबद्दल," आई म्हणाली. "हे तुलाही माहीत नव्हतं."

हे खरं होतं, आणि त्यामुळे मला आणखीच राग आला. मला तो वायू माहीत नव्हता. पण आवाज, काजळी, एक खोली गरम आणि एक गार, सारखी चालू-बंद, वयाने म्हातारी आणि तिला बघायला आलेला माणूस नवी घ्या म्हणतोय, यापेक्षा एखाद्या यंत्राने अजून काय सांगायचं? तिला बोलता येत नव्हतं, मला येत होतं, आणि मी बोलले होते.

नवीन फर्नेस त्याच दिवशी बसली. आकाराने निम्मी, राखाडी. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर नवे अलार्म लावले. आईच्या खोलीत आणखी एक. मला न विचारता, शिडीवर चढून, एकेकाच्या पाठीवर मार्करने बाद व्हायचं वर्ष लिहिलं. माफी मागायची त्याची ही पद्धत असावी. मी ती घेतली, पण पूर्ण नाही.

आईचं डोकं दुखायचं थांबलं. चार-पाच दिवसांत ती पोळ्या लाटायला लागली, लेकीला मराठी सिरियल बघायला बसवू लागली. काका मात्र बरेच दिवस आले नाहीत. काकू फोनवर म्हणाल्या, त्यांना लाज वाटतेय, तूच बोलव. मी बोलावलं नाही. एक आठवडा गेला, दोन गेले. शेवटी आईनेच त्यांना फोन केला आणि बीपी बघायला या म्हणाली. ते आले, टेबलाशी बसले, पट्टा बांधला. बीपी चांगलं होतं. खाली मात्र ते गेले नाहीत. मी चहा दिला. चांगला दिला, आलं घालून, पण जास्त बोलले नाही, आणि त्यांनाही ते कळलं.

आई आता सांगलीला परत गेली आहे. नवीन फर्नेस इतक्या हलक्या आवाजात चालते की चालू आहे की बंद, कळत नाही. त्यामुळे होतं काय, की घरून मीटिंग चालू असताना मध्येच मला वाटतं, ही बंद तर नाही ना पडली. मग मी कॅमेरा बंद करते, खाली जाते, पत्र्यावर हात ठेवून बघते, अलार्मचा हिरवा दिवा बघते, आणि परत येऊन बसते. नवरा म्हणतो, कशाला सारखी जातेस. मी कॅमेरा पुन्हा चालू करते.